साडूंचं विरजण

समोरचं जिवंत आहे याची आमच्या थोरल्या साडूंइतकी खात्री करून घेणारा माणूस अख्ख्या घनसावंगी तालुक्यात नसेल. बियाणं घेताना आधी दहा दाणे घरी नेऊन ओल्या फडक्यात बांधायचे, मोड आले की मगच पिशवी उचलायची. एका लग्नात तर शेजारी पेंगणाऱ्या म्हाताऱ्याची नाडी बघून त्यांनी ऐन अक्षतांच्या वेळी रडारड उडवून दिली होती. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्याचा हा परिणाम! निवृत्तीनंतर जुना सूक्ष्मदर्शक आणि रेडिओचे सुटे भाग जुळवून त्यांनी एक यंत्र केलं. काचेवर केसाएवढ्या दोन तारा, मधे थेंब. उलटसुलट वीज सोडली की थेंबातले जिवंत जीव तारेकडे सरकायचे, मेलेले बाजूला पडायचे.

"मेलेल्याची कातडी फाटलेली असती, साडूभाऊ. जित्याची शाबूत. विजेला बराबर कळतं."

"मला ठेवून बघा की काचेवर."

"तुमचं अवघड हाये."

गेल्या वर्षी त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, गेली. जाण्याआधी तिनं लावलेलं दही तेवढं मागे राहिलं. साडू रोज त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला लावायचे. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना ते गाडगं त्यांनी माझ्या हाती दिलं. "दूध कोमट पाहिजे. बोट घालून बघत जा."

जास्त विरजणानं दही घट्ट लागेल, या माझ्या अकलेनं मी सगळंच ओतलं. तेही उकळत्या दुधात. बोट भाजेल म्हणून घातलं नाही.

साडू परतले, तेव्हा दूध नासलेलं आणि विरजण संपलेलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाडग्याच्या काठाची वाळकी साय खरवडली आणि नव्या डोळ्यानं दोन दिवस काचेत बघत बसले.

"चार-दोन सरकून राह्यलेत," ते पुटपुटले. तारेला लागलेलं धुऊन त्यांनी वाटीभर दुधात सोडलं.

मला राहवलं नाही. त्यांची पाठ वळताच मी वाटीत तीर्थपुरीच्या हॉटेलातलं चमचाभर दही ढवळलं.

सकाळी दही लागलं होतं. साडूंनी जिभेवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"बाजारचं टाकलं नं?"

"चमचाभरच," मी म्हणालो.

"तिचेबी असतील ह्याच्यात चार-दोन," ते म्हणाले. "आता कोणते ते कळायचं न्हाई."

मग त्यांनी नवं दूध निववलं, त्यात बोट बुडवलं आणि कितीतरी वेळ ते तसंच ठेवलं.