डोळे मिटून घेतलेली परीक्षा

वाचता येणाऱ्या बाईला मी नापास केलं आणि न येणारीला पास. कारण काय, तर परीक्षा डोळे मिटून घ्यायची असते अशी माझी समजूत. शाळेत आमची तोंडी परीक्षा घ्यायला येणारे साहेब डोळे मिटून ऐकायचे. झोपायचे की ऐकायचे देव जाणे, पण मला ते फार विद्वान वाटायचं.

जळगावात मोठ्या बायकांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग निघाला, तेव्हा शिकवायला मी, नुकती मॅट्रिक झालेली, नाक वर. विद्यार्थिनी आईच्या वयाच्या. मी त्यांना अक्का म्हणे, त्या मला बाई.

धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्सचं काम शिकायला वर्गातली एक बाई घेणार होते. बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता यावं, एवढीच अट. दोघी तयार झाल्या, म्हणून परीक्षा घेऊन मी एकीला निवडायचं ठरलं. एरंडोलच्या अक्कांना नुसती हौस होती. नशिराबादच्या अक्का मात्र विधवा, भावाच्या घरी राहायच्या, आणि भावजय आता ऐकू जाईल असं बोलू लागली होती.

मी डोळे मिटले. एरंडोलच्या अक्कांनी गाईचा धडा घडाघडा म्हटला. व्याकरण विचारलं, तर एकाचे अनेक, आजचं काल, सगळं बिनचूक. नशिराबादच्या अक्का एकेका शब्दाशी अडायच्या, मागे जायच्या, गाईसारखं बैलालाही ‘शी’ म्हणायच्या. मला तर मध्ये खरंच डुलकी लागली. निकाल उघड होता.

दुसऱ्या दिवशी शिफारशीचं पाकीट एरंडोलच्या अक्कांच्या हाती दिलं आणि ऐटीत म्हटलं, “वाचा बरं, कोणाच्या नावे आहे?”

त्यांनी पाकीट नीट धरलं आणि सुरू केलं, “द काऊ हॅज फोर लेग्ज…”

मला वाटलं, थट्टा करतायत. मागून नशिराबादच्या अक्का अक्षरावर बोट ठेवत सावकाश म्हणाल्या, “टू… द… लेडी… डॉक्टर… धुलिया.”

मी कधी हिच्याकडे बघतेय, कधी तिच्याकडे.

“अक्का, तुम्हाला वाचता येत नाही?”

“आते तर वाचं ना बाई. बठ्ठं पुस्तक पाठ शे. आमनाकडे पोथी बी आशीच ऐकीसन येस. हाई वाचनं नई शे का?”

म्हणजे पोथीसारखं सगळं पुस्तक त्यांनी ऐकूनच पाठ केलेलं. व्याकरणाची उत्तरं तर त्यांचीच बरोबर होती. मग इंग्रजी येत होतं कोणाला? घरून औषधाची बाटली आणली, दोघींपुढे धरली, या खेपेला डोळे फाडून बसले. एकीने बाटलीवरही गाय वाचली. दुसरीने वेळ लावला, पण किती चमचे ते बरोबर सांगितलं. तरी माझा गोंधळ सुटला नाही. आजही पुरता सुटलेला नाही. एवढंच कळलं की धुळ्याला गाय उपयोगाची नाही.

एरंडोलच्या अक्का हसून म्हणाल्या, “जाऊ द्या तिले.” मी पहिलं पत्र फाडलं, दुसरं लिहिलं, आणि नशिराबादच्या अक्कांना आधी वाचायला दिलं. बोट फिरवत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. घडी घालून पदराखाली धरलं आणि मला विचारलं,

“बाई, हे लिहिताना तरी डोळे उघडे होते ना?”