उल्काराणीच्या आधी

पडदा वर जातो तेव्हा दिसते केडगावच्या हद्दीतली बंद पडलेल्या तेलगिरणीची शेड. पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली उतरतंय. भिंतींना काळं कापड, कापडावर चमकीचे तारे. मधोमध पुठ्ठ्याचं यान, आणि तीस फूट उंचावरच्या एका गर्डरला लोंबणारा दोर. दोराखाली मान वर करून एक्काहत्तर वर्षांचे गहिनीनाथ उभे आहेत. ते पाहतायत कबुतरांकडे.

शेडला सहा गर्डर होते. पाचांवर कबुतरांची दाटी. ज्या गर्डरला दोर बांधला होता, त्यावर एकही नाही.

गहिनीनाथ आज आपल्यात नाहीत, पण हा माणूस माहीत असायला हवा. चाळीस वर्षं त्यांनी पौराणिक नाटकांतले देव उडवले. नारद, हनुमान, पुष्पक विमानातली सीता, सगळे त्यांच्या गाठीवर लोंबकळले. नाटक कंपन्या बसल्या, तसे ते काष्टीला परतले आणि बाजाराच्या दिवशी बैलांचे कासरे विकू लागले. तिथूनच समर्थने त्यांना शोधून आणलं. समर्थ पुण्याचा दिग्दर्शक, उमदा पोरगा. जुन्या चित्रकथेतल्या उल्काराणीवर तो टीव्हीची मालिका करत होता. ही राणी ग्रहाग्रहांवरून फिरते, दुष्टांना ताऱ्यांवरून खाली ओढते. कागदावर चित्रकाराने एक रेघ ओढली की ती उडायची. टीव्हीवर तिला उडवायला माणूस लागतो. संगणकाने उडवलेल्या बाईला वजनच नसतं, असं समर्थचं म्हणणं, आणि ते खरंही होतं.

उल्काराणी झाली होती संगमनेरच्या कॉलेजातली निकिता. निळा चकचकीत पोशाख, छातीवर दिवा. गहिनीनाथ तिच्या कमरेचा पट्टा आवळत होते.

"आबा, मंगळावर गेले तर परत आणाल ना?"

"आणीन की. पर येताना रिकाम्या हातानं येऊ नको."

ती हसली. तिचे हात गार पडले होते, ते त्यांना पट्टा आवळताना कळलं होतं.

गहिनीनाथांचे उस्ताद फक्रुद्दीन चाचा. त्यांचा एकच नेम होता, गाठ मारली त्यानं आधी लटकायचं. हा नेम गहिनीनाथांनी एकदाच मोडला. काष्टीच्या जत्रेत अंगात ताप होता, म्हणून स्वतःऐवजी वाळूचं पोतं वर चढवलं. पोतं टिकलं. रात्री नारद पडला. तो नट पुढे जन्मभर पाय ओढत चालला, आणि दर दिवाळीला गहिनीनाथ त्याच्या घरी फराळ घेऊन जात राहिले.

"साहेब, आधी मी जातो वर," ते समर्थला म्हणाले.

"काका, तुमच्या वयाला विमा नाही. सकाळी पोतं चढवलं होतं ना आपण? निकिताच्या दीडपट वजनाचं. टिकलं की."

"पोतं हलत न्हाई साहेब. उल्काराणी हलती."

"इंजिनिअरने बघितलंय."

"त्यानं लोखंड बघितलं. भिंत कुनी बघितली? ती खबुतरं बघा."

समर्थ हसला. वाईट मनाने नव्हे. त्याला संध्याकाळपर्यंत उड्डाण हवं होतं. "काका, कबुतरांना विचारून शूटिंग नाही करता येत. जेवण झालं की पहिला शॉट."

पुणे रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. भिंतीत कुठेतरी माती झिरपल्यासारखा आवाज झाला. ऐकला तो दोघांनीच, गहिनीनाथांनी आणि दोर ओढणाऱ्या उझैरने. उझैर हा फक्रुद्दीन चाचांचा मुलगा, तोही आता पन्नाशीचा.

सगळे बाहेर मांडवात भाकरी-पिठल्याला बसले. गहिनीनाथांनी धोतराचा काचा मारला, निकिताने सोडून ठेवलेला पट्टा स्वतःच्या कमरेला आवळला.

"वढ."

"नाथाभाऊ, साहेब मला कामावरनं काढील."

"काढू दे. चाचा असते तर काय म्हनले असते?"

उझैरने दोन गड्यांना हाताशी घेतलं आणि दोर ओढला.

म्हातारा वर गेला. पाय झाडले, अंग वळवलं, उल्काराणी घेणार होती तसा झोका घेतला. एक. दोन. कबुतरं एकदम उठली, पाचही गर्डर रिकामे झाले. तिसऱ्या झोक्याला भिंतीतून लाल धूळ गळाली आणि गर्डरचं टोक बोटभर खाली सरकलं.

आवाजाने सगळे धावत आले. उझैर हळूहळू दोर सोडत होता, तरी अजून वीस फूट बाकी होते. निकिता हात पसरून थेट खाली येऊन उभी राहिली. गहिनीनाथांनी हातानेच तिला झिडकारलं आणि थेट तिच्या अंगावर पडू नये म्हणून झोका चालूच ठेवला. समर्थने तिला दंडाला धरून मागे खेचलं, तेव्हा कुठे त्यांनी झोका थांबवला. वर टोक आणखी सरकलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

गर्डर सुटला तो त्यानंतर, गहिनीनाथांसकट. त्याआधी, खेळ रद्द झाल्याचं प्रेक्षकांना सांगावं तशा शांत आवाजात ते म्हणाले,

"निकिता, पोशाख उतरव बाई. आज आभाळ बंद हाय."