कसर आणि कसूर

उपकरणांच्या खोलीतल्या मावशींना दवाखान्यात सगळे ‘घड्याळ’ म्हणत. एकोणतीस वर्षं एकच काम: शस्त्रक्रियेची हत्यारं डब्यात भरायची, वाफेच्या यंत्रात ठेवायची, पुरेशी वाफ लागून डब्यावरची पट्टी काळी झाली की बाहेर काढायची. त्याआधी कुणाची छाती नव्हती डब्याला हात लावायची. मोठे डॉक्टर थयथयाट करत, तेव्हा मावशींचा चेहरा म्हणे, नाचा आणखी दोन मिनिटं.

त्या मंगळवारी मात्र सकाळी नवऱ्याशी झालेलं भांडण त्यांच्या डोक्यात घोळत होतं. पट्टी न बघताच डबा शस्त्रक्रियेला गेला. नंतर ती पांढरीच दिसली, तेव्हा त्यांनी स्वतःच जाऊन वरिष्ठांना सांगितलं. पण उशीर झाला होता. त्याच हत्यारांनी एका पोरीच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती; तिची जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय गेला. तिची आई रोज व्हरांड्यात भेटेल त्याला विचारायची, “असं कशानं झालं हो?” सगळे नजर चुकवून निघून जायचे. मावशीसुद्धा.

चौकशीचा कागद हेडक्लार्कने लिहिला. माणूस मायाळू. त्याने मावशींना वाचून दाखवलं, “निर्जंतुकीकरणात कसर राहिली.”

“कसर नाही, कसूर लिहा.”

“काय फरक पडतो? दोन्ही अरबी. दिसायला सख्ख्या बहिणी, माहेरं तेवढी वेगळी. एकीचं मूळ मोडण्या-तुटण्यात, दुसरीचं उणं पडण्यात.”

“माहेर तुम्ही बघा, मला त्यांचं नांदणं ठाऊक आहे. सगळं करूनही उणं राहतं ती कसर. करायचं ते केलंच नाही, ती कसूर. तुमच्या शब्दानं खापर यंत्रावर फुटेल, आणि त्या माउलीला कधीच काही कळणार नाही.”

“निवृत्तीला तीन महिने राहिलेत, मावशी. कशाला पायावर धोंडा...” त्याने जीभ चावली.

मग शब्द खोडून ‘कसूर’ लिहिलं. मावशींनी खाली सही केली. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा.

तिथून त्या थेट व्हरांड्यात गेल्या आणि बाकावर आईशेजारी बसल्या. “पट्टी बघायचं काम माझं होतं. मी बघितली नाही. म्हणून झालं.”

आईचा हात उगारला गेला आणि हवेतच थांबला.

“मला सांगून मोकळ्या झालात,” ती म्हणाली. “आता आत चला. तिला सांगा.”