काय होईल ते आधी सांग

शालिनीवहिनींचा फोन सकाळी आला. मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या; आणि थोडे थांबून, "मला वाटलं होतं रविवार बघतील. नाही बघितला." एवढेच. परक्या माणसाला ते वाक्य कोरडे वाटले असते. मला वाटले नाही, कारण त्या वाक्यातील शिस्त त्यांच्या पतीची, माझा जुना मित्र मुकुंद याची, होती आणि त्या घरात ती वर्षानुवर्षे पाळली गेली होती. मी तोंड पुसले, गाडीची किल्ली घेतली आणि लंडनच्या पिनर भागातून मिल्टन कीन्सला निघालो. त्याला आता काही आठवडे झाले. इकडे इंग्लंडमध्ये दहनासाठीही तारीख मिळावी लागते. ती मिळाली, विधी झाले, पुण्याहून आलेले नातेवाईक परतले. मुकुंदाविषयी काही लिहावे असे या पुरवणीच्या संपादकांनी सुचवले. मी आयुष्यभर पुलांची तपासणी केली आणि अहवाल लिहिले. दुसरे काही लिहिण्याची सवय नाही. हेही तसेच होईल.

आम्ही दोघे साधारण एकाच सुमारास या देशात आलो आणि लंडनच्या ईलिंग भागात एका खोलीत राहिलो. तो टेलिफोनच्या आणि पुढे संगणकांच्या जाळ्यांचे काम करत असे. नोकरीमुळे तो मिल्टन कीन्सला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. निवृत्तीनंतर लोकांनी टाकून दिलेले संगणक घरी आणायचे, त्यांवर लिनक्स चढवायचे आणि ज्याला हवे त्याला देऊन टाकायचे, हा त्याचा उद्योग होता. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत प्रणाली, हे ज्ञान मला त्याच्यामुळेच झाले. कारण त्याने मला न विचारता माझ्याही संगणकावर ती चढवली. चालत उत्तम असे. अडे ते फक्त छपाईपाशी. प्रिंटर वायफायवर असला की तो हाताच्या अंतरावर असूनही संगणकाला सापडत नाही, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल.

असाच एकदा माझा प्रिंटर अडला. दिवसभर झटून झाल्यावर मी मुकुंदाला बोलावले. तो आला, कोट खुर्चीवर टाकला आणि संगणकाकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिला.

"काय काय केलंस?"

"सगळं केलं."

"सगळं म्हणजे?"

मी सांगितले. प्रिंटर चालवणारा जुना ड्रायव्हर काढून दुसरा घातला होता, प्रिंटरला नवे नाव दिले होते, राउटर बंद करून चालू केला होता, शेवटी एक केबलही जोडून पाहिली होती.

"आणि यातल्या कशानं काय झालं?"

"काहीच झालं नाही."

"असं म्हणता येत नाही. एकानं सुटलं असेल आणि दुसऱ्यानं परत बिघडलं असेल. पुलाचे सगळे खांब एकदम बदलतोस का रे तू?"

त्याने मी केलेला प्रत्येक बदल मागे घेतला. सगळे पूर्वीसारखे बिघडलेले झाले, तेव्हा त्याला समाधान वाटले. मग मला खुर्चीवर बसवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि कळीवर बोट ठेवण्यापूर्वी तिने काय होईल ते मोठ्याने सांगायचे, असा त्याचा नियम होता. मी म्हणालो, "होईल बहुतेक." तो म्हणाला, "बहुतेक नाही. कागद येईल, नुसता दिवा लागेल, की काहीच होणार नाही? यातलं एक सांग." मी चिडलो. तो चिडत नसे. "अंदाज चुकला तर काही बिघडत नाही, दत्ता. चुकला की दोष तिथं नाही, एवढं तरी हाती लागतं. पण काही न बोलता बटण दाबलंस, तर कागद आला काय आणि नाही आला काय, तुला कळलं काय?" माझ्या प्रिंटरला दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर लागला होता. तो सापडला तेव्हा मुकुंदाने हूं की चूं केले नाही. माझे तीन अंदाज चुकले आणि चौथा बरोबर आला, याचे मात्र त्याला विलक्षण कौतुक वाटले.

त्याच्या घरी हा नियम सर्वत्र लागू होता. "आमच्याकडे आमटीत मीठ घालायच्या आधीसुद्धा जाहीर करावं लागतं," असे शालिनीवहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "कुकरसमोर उभे राहून मला विचारतात, शिट्टी कधी होईल सांग. अहो, झाली की कळेल ना!" त्यावर मुकुंद म्हणे, "आणि नाही झाली तर?" वहिनी शनिवारी तिथल्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेत. इथे जन्मलेली मुले, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतले सरावाचे कागद. अक्षरे वहिनी मांडत, छपाई मुकुंद करी. कागद छापून झाले की तो ते मांडीवर ठोकून कडा जुळवी आणि वहिनींच्या पिशवीत ठेवी. दोघांच्या संसाराविषयी मी याहून अधिक सांगू शकणार नाही.

मग आजार आला. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पहिल्या उपचारांच्या वेळी मुकुंदाने डॉक्टरांना शांतपणे विचारले होते की यातून काय घडेल अशी तुमची अपेक्षा आहे. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसेल, असे त्या बाईंनी स्पष्ट सांगितले. ती लहान दिसली नाही. दुसऱ्या भेटीला निखिल, म्हणजे मुकुंदाचा मुलगा, कामावर अडकला होता, म्हणून मी गाडी घेऊन गेलो आणि दोघांबरोबर आत बसलो. डॉक्टरांनी आता दोन औषधे एकत्र देऊन पाहू असे सुचवले. मुकुंदाने तोच प्रश्न विचारला. त्या प्रामाणिक बाई होत्या. म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. मुकुंदाने त्यांचे आभार मानले आणि कोट घातला. गाडीपाशी आल्यावर तो मला म्हणाला, "आता त्या आशेनं बटण दाबणार होत्या." मागच्या सीटवर बसता बसता वहिनी म्हणाल्या, "मला आशा चालते." "मला माहीत आहे," तो म्हणाला. मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउटांना, म्हणजे वळशाच्या गोल चौकांना, अंत नाही. घर येईपर्यंत मी ते मोजत राहिलो.

त्याच आठवड्यात वहिनींनी वर्ग बंद करण्याचे ठरवले. "तुमच्यामागे मला हे संगणकाचं जमायचं नाही. निखिलला वेळ नाही. उगाच मुलांना तिष्ठत कशाला ठेवायचं?" मुकुंदाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना संगणकापुढे बसवले आणि स्वतः शेजारी आरामखुर्ची ओढून घेतली. तेव्हापासून तो रोज मुद्दाम काहीतरी बिघडवी. कधी छपाईची रांग थांबवून ठेवी, कधी प्रिंटरचा वायफाय बंद करी, आणि दोष वहिनींनी शोधायचा. मी गेलो त्या दिवशी त्याने प्रिंटरच्या पत्त्यातला एक आकडा बदलला होता. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला असा आकड्यांचा पत्ता असतो. तो चुकला की संगणक रिकाम्या घराची बेल वाजवत बसतो. वहिनींचे डोळे भरून आले होते. आजारी माणसाने पत्नीला असे छळावे हे मला पटले नाही.

"वहिनी, उठा तुम्ही. मी दोन मिनिटांत करून देतो."

"तू बस," मुकुंद म्हणाला. "तू दोन मिनिटांत करशील आणि मग पिनरला जाशील." मग वहिनींकडे वळून, "हं. काय होईल?"

"कागद येईल."

"का?"

"कारण मी रडले आणि तुम्हाला दया आली."

"ते प्रिंटरला कुठं माहितीये?"

"माझ्या वडिलांना सांगायला हवं होतं तुम्ही लग्नाआधी. त्यांनी बरोबर अंदाज केला असता." तो हसला आणि त्याला खोकला आला. वहिनी पाणी आणायला उठल्या नाहीत. पाणी मी आणले. परत आलो तेव्हा प्रिंटरमधून कागद येत होता, आणि त्याचा हात तो धरायला पुढे झाला होता.

मुकुंद गेल्यानंतर वहिनींनी वर्ग पुन्हा सुरू करण्याचा शनिवार जवळ आला, तेव्हा ब्रॉडबँडचा राउटर बदलला गेला. निखिलने नवा लावला आणि छपाई थांबली. शुक्रवारी दुपारी त्याने मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा तो प्रिंटरच्या समोर हात कमरेवर ठेवून उभा होता. "काका, तुम्ही सांगा ना आईला. हा मशीन खूप जुना झालाय. बाबांचा सगळा सेटअप कोणालाच कळत नाही. I'll get her a new one, simple. आणि खरं सांगू, एकटी राहायला नको तिला आता. प्रिंटर आज, उद्या बॉयलर."

प्रिंटरचा प्रश्न राहिलाच नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळले. वहिनी खुर्चीवर बसल्या. रांगेत पाने अडकलेली दिसत होती, एकच पान अनेकदा. "हे काय रे?" त्यांनी विचारले. "नाही येत म्हणून मी परत परत print दाबला," निखिल म्हणाला. त्यांनी ती सगळी काढून टाकून एक ठेवले. मी कळफलकाकडे हात नेला होता, तो मागे घेतला.

"रांग थांबलीय. ती चालू केली तर कागद येईल," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि कळ दाबली. कागद आला नाही. निखिलने सुस्कारा टाकला. "बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे रांगेत काही नाही." मग त्या उठून प्रिंटरपाशी गेल्या आणि त्याचे बटण दाबून धरले. अशा वेळी प्रिंटर स्वतःची माहिती स्वतःच छापतो. त्याला संगणक लागत नाही. त्या पानावरचा पत्ता त्यांनी संगणकातल्या पत्त्याशी चष्मा वर करून ताडून पाहिला. नव्या राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला होता आणि संगणक जुन्याच दारावर उभा होता. त्यांनी आकडे बदलले. बोट कळीवर ठेवले आणि थांबल्या.

"आता येईल," त्या म्हणाल्या.

आला. मोठ्या अक्षरांतला 'ळ', खाली गिरवण्यासाठी ठिपके. निखिलने तो उचलला आणि पाहत राहिला. "तुला कसं कळलं?" "आधीचं सांगितलं ते चुकलं, म्हणून कळलं," वहिनी म्हणाल्या. बॉयलरची गोष्ट पुन्हा निघाली नाही. निखिल चहा न घेता ईलिंगला आपल्या घरी परत गेला. पण जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून गेला, हे नमूद करतो.

मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. "भाऊजी, एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी कोपऱ्यावरून वळली की मला रडू येईल. दुपारची भांडी पडलीत. ती घासून होईपर्यंत थांबेल." त्यांच्या आवाजात कंप नव्हता. मी मान हलवली आणि गाडी चालू केली. आरशात पाहिले नाही.

शनिवारी सकाळी मी फोन केला.

"थांबलं का?"

"नाही हो. भांडी झाली, कणीक मळून झाली, तरी चालूच. साफ चुकला अंदाज."

"मग?"

"मग काय... ते भांड्यांनी थांबणारं नाही, एवढं कळलं. चला, ठेवते. हॉल उघडायचाय, कागद पिशवीत भरायचेत."

पलीकडे कागद टेबलावर ठोकून कडा जुळवल्याचा आवाज आला. फोन ठेवावा असे मला वाटेना. मी विचारले, "वहिनी, आज वर्गात काय होईल?"

आधी पिशवीची चेन ओढल्याचे ऐकू आले.

"मुलं गोंधळ घालतील," त्या म्हणाल्या. "हे नक्की."