दिसत नाही म्हणा

‘दिसत नाही म्हणा, काका. नाही म्हणू नका.’

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या फुलपाड्यातल्या इमारतीच्या गच्चीवर. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी पाण्याच्या ड्रममध्ये डोकावून ‘डासांच्या अळ्या नाहीत’ असं जाहीर केलं होतं. समोरच्या फ्लॅटमधली ही मुलगी कपडे वाळत घालायला आली होती. तिने पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं आणि उन्हाकडे तिरकं धरलं. एक अळी वळवळत होती. त्या दिवसापासून सोसायटीत माझ्या ‘नाही’ला किंमत उरली नाही.

ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जायची. लिम्फोमा म्हणजे मानेत, काखेत गाठी येणारा कॅन्सर. त्या गाठींतून सुटलेल्या पेशी रोग्याच्या रक्तात फिरतात, त्या मोजायचं तिचं काम. म्हणायची, ‘लाखो चांगल्या पेशींत एखादीच असते. सापडली की पटकन सांगता येतं. नाही म्हणायलाच वेळ लागतो.’

पुढे तोच आजार माझ्या बायकोला निघाला. उपचार सुरू झाले आणि तिच्या रक्ताची नळी त्याच प्रयोगशाळेत जाऊ लागली. मी एकाएकी आदर्श शेजारी झालो. समोरच्या मुलीची दुधाची पिशवी उचलून ठेव, तिला तळलेले बोंबील पोचव. जिन्यात तिचा चेहरा वाचायचा. ती हसली की मला भूक लागायची. मान खाली घालून गेली की मी देवासमोर जाऊन बसायचो. एकदा तर बिचारीची नुसती दाढ दुखत होती.

शेवटी विचारलंच, ‘काय दिसतंय गं हिच्या नळीत?’

‘मला काय माहीत? नळीवर नाव नसतं, काका. नंबर असतो.’

‘मग माझे एवढे बोंबील?’

ती पायरीवरच बसून हसली. मग हसू आवरून म्हणाली, ‘म्हणून मी सगळ्याच नळ्या काकूंच्या समजून बघते.’

मी खिशात किल्ली शोधायला लागलो. दार उघडंच होतं.

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये काही नाही, रक्तातही नाही. रिक्षातून उतरून बायकोसकट मी थेट समोरची बेल वाजवली. ‘आजार नाही!’

‘दिसत नाही म्हणा,’ ती हळूच म्हणाली. माझा चेहरा पडला. तिने बायकोचा सुयांनी काळानिळा झालेला हात हातात घेतला. ‘काकू, तुम्ही नळी देत राहा. मी बघत राहते.’

लग्न होऊन ती नायगावच्या टॉवरात गेली. नायगाव काही परदेश नव्हे, प्रयोगशाळाही तीच, पण जिन्यात भेटत नाही. बायको अजून तपासणीला जाते. रक्त देऊन झालं की कापूस दाबून धरत म्हणते, ‘गेली तिच्याकडे.’

परवा कुरिअरवाला आला. ‘समोरच्या मॅडम आहेत का?’

‘नाहीत,’ मी म्हटलं.

आतून, नव्याने वाढलेल्या केसांना रबर लावत, बायको म्हणाली, ‘अहो, दिसत नाहीत म्हणा.’