खळमावशीचे एकोणतीस अलार्म

ग्रंथालयाच्या तळघरात बांधणीची खोली होती. तिथे एक बाई सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवून, चिकटवून पुन्हा वर पाठवत होती. पुठ्ठ्याला लावायची खळ ती स्वतः शिजवायची आणि ती तिच्या बोटांना कायम लागलेली असायची, म्हणून सगळे तिला खळमावशी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटालाच काय ते माहीत.

तेविसाव्या वर्षापासून तिला मधुमेह. इन्सुलिनची सुई म्हणजे तिच्या लेखी दात घासण्याइतकी साधी गोष्ट. साखर उतरली की तिच्या ओठांना मुंग्या यायच्या. मग चमचाभर साखर खायची, जरा टेकायचं, की पुन्हा सुई-दोरा हातात. पण पन्नाशीनंतर या मुंग्या कधीमधी दगा द्यायला लागल्या. एकदा ती जिन्यातच मटकन खाली बसली. परगावी नोकरी करणारी लेक धावत आली आणि आईच्या डाव्या दंडाला, मागच्या बाजूला, सेन्सर लावूनच परत गेली. नाण्याएवढी चकती. साखर सत्तरच्या खाली गेली की मोबाइल ठणाणा करणार. आईचाही आणि लेकीचाही.

पहिल्याच आठवड्यात तो अकरा वेळा वाजला. दर वेळी शिपाई साखरेचा डबा घेऊन खाली धावायचा, तिकडून लेकीचा फोन यायचा, "आई, खाल्लंस का?" मावशी मुकाट्याने खायची. संध्याकाळी बोट टोचून पाहावं तर साखर अडीचशेला टेकलेली. दुसऱ्या आठवड्यात शिपाई जिन्यावरूनच विचारायला लागला, "मावशी, लांडगा खरा आहे की नेहमीचा?"

ग्रंथपालबाईंना मात्र हसू आलं नाही. खोलीत कागद कापायचं मशीन होतं, हातभर पात्याचं. त्यांनी मावशीला वर बोलावलं.

"उद्या पात्याखाली हात असताना चक्कर आली तर? कापायचं काम आपण बाहेर देऊ. तुम्ही नुसती शिलाई बघा."

मावशीला ते फार लागलं. कडा सफाईने कापणं हे तिच्या हाताचं वैशिष्ट्य होतं. पण बाईंची भीती खोटी नव्हती, हेही तिला कळत होतं. ती म्हणाली, "तीन आठवडे द्या. तोवर मशीनला हात लावणार नाही. पण हा सेन्सर खरं किती बोलतो आणि खोटं किती, ते मला बघू द्या."

त्या दिवसापासून अलार्म वाजला की ती आधी हात धुवायची, बोट टोचायची, मग वहीत लिहायची: वेळ, सेन्सरचा आकडा, बोटाचा आकडा आणि त्या वेळी आपण काय करत होतो. शिपायाला तिने सांगितलं, "धावत ये, पण डबा माझ्या तोंडात कोंबू नकोस."

तीन आठवड्यांत एकोणतीस अलार्म झाले. बारा खरे, सतरा खोटे. सेन्सर दर दोन आठवड्यांनी बदलावा लागायचा; खोट्यांपैकी तीन नवा लावला त्या पहिल्या दिवसाचे. उरलेले चौदाच्या चौदा एकाच जागचे होते: शिकंज्यापाशी. पुस्तक शिकंज्यात आवळून त्याचा कणा हातोडीने गोलावताना मावशी डावा दंड शिकंज्याच्या खांबाला टेकवून पाव-अर्धा तास उभी राहायची. चकती नेमकी तिथेच दबत होती.

वहीच्या शेवटच्या पानावर मात्र आणखी दोन ओळी होत्या. दोनदा ओठांना मुंग्या आल्या म्हणून तिने बोट टोचलं, तर साखर खरंच उतरलेली आणि सेन्सर गप्प. एकदा तो बारा मिनिटांनी वाजला, एकदा वाजलाच नाही. हे पान फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. घरी वही चाळताना नवरा म्हणालाही, "हे कशाला दाखवतेस? आपल्याच पायावर धोंडा."

"खोट्याला खोटं म्हणायला निघाले," मावशी म्हणाली, "आणि मीच लपवाछपवी करू?"

मावशीच्या डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा वाचली. "दाब पडला की तिथला द्रव हलतो आणि आकडा उगाच खाली दिसतो," त्या म्हणाल्या. "आणि सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचा द्रव मोजतो. म्हणून साखर भरभर उतरली की तो मागे पडतो." त्यांनी पुढचा सेन्सर उजव्या दंडाला लावला आणि अलार्म ऐंशीवर आणला, म्हणजे सूचना जरा आधी मिळेल.

मावशीने ग्रंथपालबाईंकडून आणखी तीन आठवडे मागून घेतले; त्यांत चौदा अलार्म झाले. त्यातला एकच खोटा निघाला.

ग्रंथपालबाईंनी दोन्ही हिशेब पाहिले, पण त्या थांबल्या त्या दोन ओळींवर. मग म्हणाल्या, "मशीन तुमचं. रोज सकाळी एकदा बोट तपासा, म्हणजे झालं."

"सकाळी एकदा पुरायचं नाही," मावशी म्हणाली. "मशीनपाशी जाताना दर वेळी तपासीन. आणि ओठांना मुंग्या आल्या की मशीन बंद, सेन्सर काहीही म्हणो. तसं लिहून घ्या, मी सही करते."

बाईंनी लिहून घेतलं. त्या दुपारी मावशीने नकाशांच्या सात जाड खंडांच्या कडा कापल्या. सहाव्या खंडाच्या आधी सेन्सर गप्प असतानाच बोटाचा आकडा पंचाहत्तर आला, तेव्हा ती मशीन बंद करून साखर खाऊन पंधरा मिनिटं स्टुलावर बसून राहिली, आणि आकडा शंभरावर गेल्यावरच उठली.