वणव्यात न्यायचा कॅमेरा

माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. हे कोणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

माझ्या मुलीला सातपुड्यातला वणवा विझवणाऱ्या वनमजुरांवर माहितीपट करायचा होता. कॅमेऱ्यासाठी मी बचत गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत मी कधी तोंड उघडत नाही, त्या दिवशी उघडलं आणि कर्ज मिळालं.

मलकापूरच्या दुकानदाराने मोठा कॅमेरा काढला, सोबत तीन लेन्स.

मुलगी म्हणाली, "राखेत लेन्स बदलता येत नाही, दादा. एकाच लेन्सचा दाखवा, धूळ आत न जाणारा."

लहान कॅमेरा समोर आला तेव्हा तिने ओढणी डोळ्यांवर बांधली, जाड हातमोजा चढवला आणि बटणं चाचपू लागली.

"ताई, कॅमेरा घ्याले आल्या की आंधळी कोशिंबीर खेळाले?" दुकानदार हसला.

"धुरात असंच दिसते, दादा." तिने एकाच हाताने बॅटरी काढून परत बसवली.

"दुसरा हात काऊन मोकळा ठेवला व?" मी हळूच विचारलं.

"पळाले, माय."

 तिची निवड बरोबर होती, हे मलाही कळलं.

घरी मी कॅमेऱ्याला पिशवी शिवली, नायलॉनच्या साडीची, टिकाऊ म्हणून. तिने उरलेल्या तुकड्याला पेटती उदबत्ती टेकवली. तुकडा वितळला.

"ठिणगी पडली तर हे अंगाले चिकटन, माय."

मग जुन्या सुती लुगड्याची शिवली, गोधडीसारखे दाट टाके घालून.

उन्हाळ्यात जळगाव जामोदच्या वरच्या डोंगरात जंगल पेटलं. ती मजुरांसोबत गेली आणि वारं फिरलं. रात्रभर फोन लागला नाही. सकाळी ती दारात उभी होती, भुवया करपलेल्या, पिशवीला ठिणग्यांची भोकं. कॅमेरा मात्र धड होता.

"पळाले जागाच नव्हती," ती म्हणाली. "मोकळ्या हातानं पुढच्याचा सदरा धरला अन् उतरली. कॅमेरा चालूच होता."

माहितीपट गावच्या बुद्धविहारात पडदा बांधून दाखवला. मजूर पहिल्या रांगेत बसले होते. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "अबे, धुरात तू माह्यापेक्षा गोरा दिसून राह्यला."

मी मागे भिंतीला टेकून पाहत होते. धुरात पुढे चाललेला सदरा दिसत होता, आणि तो घट्ट धरलेली माझ्या मुलीची बोटं.

माहितीपट पुढे ठिकठिकाणी दाखवला गेला, त्याचे पैसे हळूहळू आले. परवा गटाच्या बैठकीत मी शेवटचा हप्ता अध्यक्षबाईंच्या हातात ठेवला.

"आता तरी बोलत जाशीन का?" त्यांनी विचारलं.

मी हसून पासबुक पुढे केलं. कर्ज पूर्ण फिटलं.